दुसऱ्यांदा आलेली ओळ

शनिवार पेठ, पुणे
१४ जून २०२५

चि. गंधार यास अनेक आशीर्वाद. पत्रास कारण, तुझी यादी.

तू पाठवलेला कागद मिळाला. एकाखाली एक इंग्रजी शब्द, आगा ना पिछा, आणि वर तुझी सूचना, की आत्या, यांना चटकन मराठी शब्द दे. अरे, भाजीवाल्यालासुद्धा गवार कशासाठी हवी ते सांगितलं तर तो कोवळी निवडून देतो. शब्द कुठे बसणार, तो कोण दाबणार, काही सांगायचं नाही आणि वर घाई करायची. मी जन्मभर शाळेत मराठी शिकवलं, पण असा प्रश्न आमच्या बोर्डानेसुद्धा कधी काढला नाही.

तरी शब्द दिले आहेत. 'कॅप्चर'ला 'टिपा' लिही. पाखरू दाणे टिपतं, कागद शाई टिपतो, तसं तुझं सॉफ्टवेअर पडद्यावरचं टिपतं. म्हणून त्याचं ते स्नॅपी नावही काढ. वाचलं की कुणाच्या तरी कुत्र्याला हाक मारल्यासारखं वाटतं. 'टिपकागद' ठेव. 'सेव्ह'ला 'ठेवा'. 'कॅन्सल'ला तू 'रद्द करा' सुचवलं आहेस. रद्द रेल्वेचं तिकीट होतं. घरात नको म्हणताना कुणी रद्द करा म्हणतं का? पानात पुन्हा श्रीखंड वाढायला आलं की आपण 'राहू द्या' म्हणतो. तेच लिही.

आता मुद्द्याचं. वल्लरीला सगळं नीट माहीत नसेल म्हणून लिहिते, तिलाही हे पत्र दे. रशीदा आणि मी एका शाळेत, स्टाफरूममध्ये शेजारशेजारच्या खुर्च्यांवर उभा जन्म काढला. ती भूगोल, मी मराठी. तिचे यजमान चांदभाई घरात पडले, खुब्याचं हाड मोडलं, आणि ती दोघं गंज पेठेतलं घर सोडून लोणी काळभोरला मुलाकडे, अल्ताफकडे राहायला गेली. ही बातमी तिने मला फोनवर सांगितली. मला एक अक्षर ऐकू आलं नाही आणि मी म्हणाले, वा, छान झालं. त्यानंतर ती महिनाभर माझ्याशी बोलली नाही. शेवटी मी रेंजवर ढकललं. कानातलं यंत्र लावून पाहिलं, त्यात फक्त भांडी ऐकू येतात.

तेव्हापासून आम्ही गुरुवारी सकाळी संगणकावर बोलतो. तिच्या चेहऱ्याखाली ती बोलेल ते मराठीत उमटतं हे तूच दाखवलंस. पण ते उमटतं आणि मी चष्मा नाकावर सरळ करेपर्यंत पुसलं जातं. मी नुसती मान डोलवत बसते. तू दोन वर्षं सुट्टीच्या दिवशी पडदा टिपायचं सॉफ्टवेअर करतो आहेस, त्याचा उपयोग निदान एका माणसाला होऊ दे. त्या ओळी मला धरून हव्या आहेत.

आणि हे रशीदाला कळता कामा नये. शेवटच्या बाकावरची कुजबुज मला ऐकू यायची म्हणून मुली मला टरकून असत, आणि त्याचा रशीदाला माझ्यापेक्षा जास्त अभिमान होता. तिच्याशी बोलणं तुटलं तर मला बोलायला कुणी उरत नाही. हे मी एकदाच लिहिते आहे, पुन्हा लिहिणार नाही.

कळावे. लोभ आहे असं धरून चालते, पुरावा अजून यायचा आहे.

तुझी
वासंतीआत्या

ता. क. पत्राचं उत्तर पत्रानेच दे. अंगठा वर केलेली चित्रं मी वाचत नाही.

•

वाघोली
२२ जून २०२५

ती. स्व. वासंतीआत्यास, सा. न. वि. वि.

तुझी आज्ञा म्हणून पेनाने लिहितोय. शाळा सुटल्यापासून इतकं मराठी हाताने लिहिलेलं नाही. अक्षराबद्दल काही बोलू नकोस.

आधी एक गैरसमज दूर करतो. हे सॉफ्टवेअर मी तुझ्यासाठी सुरू केलं नव्हतं. ऑफिसात काही बिघडलं की पडद्याचं चित्र काढून, त्यावर बाण काढून दुसऱ्याला पाठवावं लागतं. त्यासाठी तयार मिळणारं एकेक सॉफ्टवेअर म्हणजे डोक्याला ताप. एक आधी नाव-गाव विचारतं, दुसरं आपली चित्रं परस्पर कुठेतरी पाठवतं, तिसरं दर पाच मिनिटांनी स्वतःचीच जाहिरात करतं. मला वाटलं, हे आपण दोन रविवारांत करू. मग बाण आले. बाणांना रंग आले. मग वाटलं, लांबच्या लांब पान एकदम टिपता आलं पाहिजे. दोन वर्षं झाली. वल्लरी म्हणते की लोकांचे नवरे फुकट मिळतं ते वापरतात, तिचा नवरा फुकट मिळणारी वस्तू फुकटात बनवतो.

वेळ म्हणशील तर रविवारी सोसायटीचा पाण्याचा टँकर येऊन गेला की जेवणापर्यंतचा काय तो माझा. बाकी आयुष्य नगर रोडच्या ट्रॅफिकमध्ये चाललंय. त्या वेळात आता तुझे शब्द बसवतोय. टिपकागद हे नाव मला आवडलं, हे मी वल्लरीसमोर कबूल केलेलं नाही.

येत्या शनिवारी येऊन तुझ्या लॅपटॉपवर घालून देतो. तू बोलायला बसलीस की 'टिपा' दाबायचं. पानाच्या वर रशीदामावशींचं एक चित्र येईल. नंतर खालची ओळ बदलली की तो ती टिपून आधीच्या ओळीखाली लावत जाईल. बोलणं संपलं की अख्खं पान समोर. चहा घेत निवांत वाच.

पण एक विचारू का? त्यांना सांगून का टाकत नाहीस? मी इतके रविवार घालवून जे करतोय ते तुझ्या एका वाक्यात होईल. शिवाय कुणाचं बोलणं असं न सांगता टिपणं मला काही बरं वाटत नाही. तू ऐकणार नाहीस हे ठाऊक आहे. दोन्ही अर्थांनी.

रागावू नकोस. लोभ आहे तेवढाच ठेव, वाढवलास तर आणखी शब्द बदलायला लावशील.

तुझा
गंधार

•

शनिवार पेठ
७ जुलै २०२५

चि. गंधार यास आशीर्वाद, पण आज थोडे कमी.

त्या शेवटच्या विनोदाबद्दल नंतर बोलू. आधी तुझ्या टिपकागदाने काय केलं ते ऐक.

गुरुवारी रशीदा नेहमीसारखी हसून बोलायला लागली आणि मध्येच तिचे डोळे भरून आले. मग ती बराच वेळ न थांबता बोलत होती. ओळी भराभर पळत होत्या. पूर्वीची मी असते तर जिवाच्या आकांताने वाचल्या असत्या. पण आता टिपकागद आहे, सगळं नंतर निवांत वाचायचं आहे, म्हणून मी तुझ्या सांगण्याप्रमाणे तिच्याकडे बघत राहिले आणि मधूनमधून हो, हो म्हणत राहिले. शेवटी तिने पदराने डोळे पुसले आणि इतकी छान हसली, की मला वाटलं, काही का असेना, हिचं मन मोकळं झालं.

बोलणं संपलं. मी टिपकागद बंद करायला गेले तर त्याने विचारलं, हे पान ठेवायचे? खाली दोन बटणं, एकावर 'ठेवा' आणि एकावर 'राहू द्या'. शनिवारी तू गेल्यावर एकदा करून पाहिलं तेव्हा मी 'ठेवा' दाबलं होतं, तर त्याने कुठे ठेवू, कोणत्या नावाने ठेवू, अशी उलटतपासणी घेतली, आणि शेवटी कुठे ठेवलं ते मला सापडलंच नाही. म्हणून या वेळी म्हटलं, आहे तिथेच बरं आहे. 'राहू द्या' दाबलं. पान गेलं.

मला सांग, राहू द्या म्हटल्यावर जे राहत नाही त्याला कोणत्या भाषेत राहणं म्हणतात? मी सगळीकडे शोधलं. बंद करून पुन्हा चालू केलं. ती एवढं काय बोलली ते मला कळलेलं नाही आणि मी हो म्हणून बसले आहे, त्यामुळे आता विचारायचीही सोय उरली नाही. काहीही कर, पण ते पान परत आण.

कळावे. पान आलं की लोभही पूर्ववत येईल.

वासंतीआत्या

•

वाघोली
१३ जुलै २०२५

ती. स्व. आत्यास, सा. न. वि. वि.

पान परत येणार नाही. ते ठेवलंच गेलं नाही, मग आणू कुठून? शनिवारी येऊन तुझा लॅपटॉप उलथापालथा केला तेव्हा तू शेजारी बसून हेच पुन्हा पुन्हा विचारत होतीस आणि मी हेच पुन्हा पुन्हा कागदावर लिहून देत होतो. आता टपालाने देतोय. येणार नाही.

आणि शब्द तुझा आहे. मी 'रद्द करा' म्हणत होतो. श्रीखंड तू आणलंस. श्रीखंडाला राहू द्या म्हटलं की ते भांड्यात राहतं आणि पानात येत नाही, एवढाच त्याचा अर्थ मी घेतला. पान पुसायचं का, असं विचारल्यावर राहू द्या म्हटलं तर ते राहतं. ठेवायचं का, असं विचारल्यावर राहू द्या म्हटलं तर जातं. मी मराठीत कसाबसा पास झालेला माणूस, मला हे कळलं नाही. पण तुला?

बरं, चूक माझीही आहे. जिथे जिथे इंग्रजीत एकच शब्द होता तिथे तिथे मी तुझा एकच शब्द चिकटवला. आता बदललंय. 'ठेवा' आणि 'टाकून द्या', इतकं उघडं लिहिलंय. 'ठेवा' दाबलं की तो काहीही न विचारता तारीख घालून एकाच जागी ठेवेल. 'राहू द्या' मी सगळीकडून काढून टाकलंय.

रशीदामावशींना सरळ विचार. नसेल विचारायचं तर आडून विचार. मागच्या वेळचं ते पुढे काय झालं, असं. चांदभाईंच्या पायाचं काही असेल. तू उगाच मनाला लावून घेतेस.

माझा हा रविवारही गेला. लोभाचं काय ते तुझ्यावर सोपवतो.

गंधार

•

शनिवार पेठ
९ ऑगस्ट २०२५

चि. गंधार यास अनेक आशीर्वाद.

शब्दाच्या बाबतीत तू म्हणतोस ते खरं आहे. पुढे त्याबद्दल एक अक्षरही लिहू नकोस.

तू सांगितलंस तसं आडून विचारलं. रशीदा क्षणभर माझ्याकडे बघत राहिली आणि मग म्हणाली, की सगळं ठीक चाललं आहे. हे पानावर स्वच्छ उमटलं आहे. तेव्हा तेवढी काळजी मिटली.

पण तुझ्या टिपकागदात आता नवीनच रोग शिरला आहे. तो जुनं पुन्हा दाखवतो. आमच्या शाळेत तपासणीला साहेब आले होते, त्यांनी आफ्रिकेचा नकाशा काढायला कपाट उघडलं आणि आत मांजर व्यालं होतं, ती गोष्ट रशीदाने मला जुलैत सांगितली. म्हणजे मला ठाऊकच होती, कपाटाची किल्ली माझ्याकडे असायची. पण सांगितली, मीही हसले. पुढच्या गुरुवारच्या पानावर पुन्हा तीच गोष्ट. त्याच्या पुढच्याही. आणि परवाच्या पानावर तर एकदा सुरुवातीला आणि एकदा शेवटी. शिळं पुन्हा पुन्हा ऊन करून वाढावं तसं चाललं आहे. अशाने तिचं नवीन बोलणं कोणतं आणि तुझ्या यंत्राची उलटी कोणती हे मला कसं कळायचं?

सगळी पानं कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्याकडून छापून घेऊन सोबत पाठवते आहे. कपाटात मंजूर व्यालं, असं एका पानावर उमटलं आहे. कोण मंजूर झालं, असं तो विचारत होता. म्हटलं, तू कागद मोज.

नीट बघ. ती बोलत असताना माझं लक्ष अर्धं तिच्यात आणि अर्धं तुझ्या चुकांत, असं मला नको आहे.

कळावे. वल्लरीला आशीर्वाद. तिचा लोभ तुझ्यापेक्षा भरवशाचा आहे.

वासंतीआत्या

•

वाघोली
१७ ऑगस्ट २०२५

ती. स्व. आत्यास, सा. न. वि. वि.

पानं मिळाली. काल वल्लरीला नाटकाला न्यायचं कबूल केलं होतं. त्याऐवजी दिवसभर तुझं मांजर शोधत बसलो. तिकिटं शेजारच्यांनी वापरली. घरात शांतता आहे, आणि ती चांगल्यापैकी शांतता नाही.

मला चूक सापडली नाही. एकच ओळ तो दोनदा कशी टिपतो, हे करून बघायला मी स्वतःशीच तासभर संगणकावर बोललो. माझ्याकडे एकदाही तसं झालं नाही. तुझ्याकडे मात्र दर आठवड्याला होतं. असल्या चुका सगळ्यांत वाईट. बघायला गेलं की नसतात.

शेवटी कंटाळून मी कारणाच्या मागे लागणं सोडलं आणि एक नियम घातला. आलेली ओळ आधी कधी आलेल्या ओळीशी मिळतीजुळती असली तर ती गाळायची. आजच्या पानावरचीच नाही, आतापर्यंतच्या सगळ्या पानांवरची. तंतोतंत तीच असायलाही नको. मांजर आणि मंजूर यांत तो आता फरक करणार नाही. काल संध्याकाळी इथूनच परस्पर तुझ्या लॅपटॉपवर घातलंय, तुला काही करायचं नाही. यापुढे नवीन तेवढंच दिसेल.

आता कृपा करून एक महिना काही बिघडू देऊ नकोस. मला बायको आहे.

लोभ असूच दे, पण लांबून.

गंधार

•

शनिवार पेठ
३० ऑगस्ट २०२५

चि. गंधार यास अनेक आशीर्वाद.

तुझं यंत्र सुधारलं. कौतुक करायची मला सवय नाही, पण करते. पानं अगदी आटोपशीर निघतात. रशीदा तासभर बोलते आणि पान निम्मंही भरत नाही. या गुरुवारी तर जेमतेम चार ओळी. मांजर पूर्ण बंद झालं. वाचायला सोपं जातं, मात्र एक ओळ कुठली आणि दुसरी कुठली असं कधीकधी होतं. ते चालेल.

गणपती बसले आहेत. आमच्या चौकात भिंती हादरतील एवढा आवाज लावला आहे असं खालच्या मजल्यावरची माणसं सांगतात. मला बहिरेपणाचा हा एवढाच फायदा.

आरतीला दोघंही या. मोदक उकडीचे आहेत आणि ते राहू द्या म्हणायची कुणाला परवानगी नाही.

लोभ वाढवायला हरकत नाही.

वासंतीआत्या

•

वाघोली
७ सप्टेंबर २०२५

ती. स्व. आत्यांना, सौ. वल्लरीचा सा. न. वि. वि.

मी तुम्हाला पहिल्यांदाच पत्र लिहिते आहे. गंधारला लिहायला सांगितलं होतं, तो सकाळपासून कागद घेऊन बसला आहे आणि त्याच्याने लिहवत नाही. म्हणून मीच लिहिते.

तुम्ही पाठवलेली छापील पानं आमच्या जेवणाच्या टेबलावर महिनाभर पडून होती. काल आवरताना चिडूनच उचलली. माझं नाटक ज्या मांजरापायी गेलं ते तरी बघू म्हटलं, आणि वाचत बसले. आत्या, ती गोष्ट प्रत्येक पानावर तीच आहे, पण ओळी त्याच नाहीत. एका पानावर मांजर व्यालं आहे. दुसऱ्यावर मंजूर व्यालं आहे. तिसऱ्यावर नकाशाच्या जागी नाश्ता आहे, नाश्त्याच्या कपाटात मांजर आहे. टिपकागदाने जुनीच ओळ पुन्हा दाखवली असती तर तिच्यातली चूकही तीच असायला हवी होती. हे म्हणजे संगणकाने दर वेळी नव्याने ऐकलं आहे आणि दर वेळी नवीन घोटाळा केला आहे. वरच्या चित्रातही एका पानावर रशीदामावशींना चष्मा आहे, एकावर नाही, एकावर खांद्यावर शाल आहे.

मी हे गंधारला दाखवलं. त्याने सगळी पानं टेबलावर ओळीने मांडून पाहिली. टिपकागदात चूक नव्हती, आत्या. रशीदामावशींनी ती गोष्ट खरोखरच तितक्या वेळा सांगितली आहे. एकाच दिवशी दोनदासुद्धा.

मला तुम्हा दोघांचा फार राग आला आहे, तो लिहूनच टाकते. गंधारने सगळे रविवार अक्षरं जुळवण्यात घालवले आणि एकदाही वरच्या चित्रातल्या माणसाकडे बघितलं नाही. तुम्ही समोर बसून तिच्याकडे बघत होतात, पण तुम्हाला विचारायचं नव्हतं. एका वाक्याने काम झालं असतं. मी तुमच्याहून लहान आहे, पण सांगते. लोणी काळभोरला जा. उद्याच जा. मी गाडी करून देते.

जास्त लिहिलं असेल तर माफ करा. तुमचा लोभ माझ्यावर आहे म्हणूनच इतकं लिहायचा धीर झाला.

तुमची
वल्लरी

•

शनिवार पेठ
१५ सप्टेंबर २०२५

चि. गंधार व चि. सौ. वल्लरी, दोघांना अनेक आशीर्वाद.

वल्लरी, तुझ्या पत्राचा मला राग आला. तो ओसरल्यावर मी गाडीत बसले. लॅपटॉप पिशवीत घालून नेला होता.

अल्ताफने दार उघडलं. मी तिथेच उंबऱ्यात त्याला सांगून टाकलं, की मला ऐकू येत नाही, काय बोलायचं ते या फोनसमोर बोल, म्हणजे अक्षरं उमटतील. तो बिचारा फोनकडे बघत बोलत राहिला. जूनअखेर तिला डॉक्टरकडे नेलं होतं. विसरण्याचा आजार आहे, हळूहळू वाढणार. तिने घरात बजावलं होतं, की वासंतीला कुणी काही सांगायचं नाही, तिला मी स्वतः सांगणार. आणि त्या गुरुवारी सांगितलं. त्यानंतर ती घरभर सगळ्यांची समजूत घालत फिरत होती. वासंतीने शांतपणे ऐकून घेतलं, हो, हो म्हणाली, म्हणजे एवढं घाबरण्यासारखं काही नसणार. पुढे मी एकदाही चौकशी केली नाही, तर अल्ताफला वाटलं, बाई मोठ्या धीराच्या आहेत. चांदभाई वॉकर धरून दारापर्यंत आले आणि त्यांनी माझे आभार मानले. मी चप्पलसुद्धा अजून काढली नव्हती. मला तिथूनच पळून जावंसं वाटलं.

रशीदा आत होती. मला बघून तिला फार आनंद झाला. नीट बोलता यावं म्हणून अल्ताफने दोन संगणक जोडून दिले आणि आम्ही एका खोलीत, समोरासमोर बसून पडद्यावर बोललो. एकाचा आवाज दुसऱ्यात शिरून संगणक कर्कश किंचाळत होते म्हणे. अल्ताफ कान झाकून बाहेर गेला, चांदभाई ओरडत होते, मला काहीच त्रास नव्हता. मी 'टिपा' दाबलं आणि तिला सांगूनच दाबलं. मग म्हटलं, रशीदा, मला बऱ्याच दिवसांपासून ऐकू येत नाही, आणि तू त्या दिवशी रडून जे सांगितलंस त्यातलं मी एक अक्षरही ऐकलेलं नाही.

ती भयंकर रागावली. असं रागावलेलं तिला मी शाळेतही पाहिलं नव्हतं. सगळ्या जगापासून लपवायचं ते लपव, माझ्यापासून लपवायला मी कोण तपासणीची साहेब आहे का, असं बरंच काही. मी निमूटपणे वाचत होते. मग तिने माझा हात धरला. मग चहा आला. चहा झाल्यावर तिने विचारलं, की वासंती, तू माझ्याकडे न बघता सारखी खाली काय बघतेस? मी पुन्हा सगळं सांगितलं. ती पुन्हा रागावली, तितकीच, आणि पुन्हा हात धरला. निघताना तिसऱ्यांदा तेच. गंधार, मी कंटाळले नाही. लपवलं एकदा आणि बोलणी खाल्ली तीनदा, हा हिशेब मला मान्य आहे.

घरी येऊन पान उघडलं. त्यात ती एकदाच रागावली आहे. बाकीच्या दोन्ही वेळा तुझ्या नियमाने गाळल्या.

तू चांगल्यासाठीच घातलास, मला ठाऊक आहे, आणि घालायला मीच लावलं. आता तो काढून टाक. मध्यंतरीच्या सगळ्या गुरुवारी ती किती काय बोलली असेल आणि मी चार ओळी वाचून यंत्र सुधारलं म्हणून खूश झाले. मांजराचं सांगितलं तर मांजराचं, माझ्यावर चिडली तर चिडलेलं, दहादा सांगितलं तर दहाच्या दहा वेळा मला वाचायचं आहे. संगणकाने त्यात मंजूर घातलं तरी चालेल. एक दिवस ती दुसऱ्यांदा सांगायची थांबेल, आणि त्यापुढे पहिल्यांदा सांगायचीही. तोपर्यंत तिची कोणतीही ओळ आधी आली होती म्हणून गाळू नकोस.

गुरुवारच्या आत कर. वल्लरी, तोवर त्याला जेवायला उठवू नकोस, त्यानंतर मात्र नाटकाला ने.

तुम्हा दोघांचा लोभ आहे, हे आता मला कुणाला विचारायला नको.

तुमची
वासंतीआत्या